सप्तपर्णी की नीलमोहर

नव्या घरासमोर झाड नसणं हा कायद्याने गुन्हा नाही. मात्र त्या घरात लग्नाचा मुलगा असेल तर ती बाब गुन्ह्यापेक्षा गंभीर ठरते, कारण गुन्ह्यात निदान आपली बाजू मांडायची संधी मिळते.

शिरपूरच्या तापीविहार कॉलनीतल्या चुडामण आबांना हे कळलं तेव्हा ते स्वतः अडुसष्ट वर्षांचे होते आणि त्यांचा एकुलता मुलगा तेजस एकतीस वर्षं चार महिन्यांचा. (मुलाचं वय महिन्यांत सांगायची पद्धत साधारण दुसऱ्या वाढदिवसापर्यंत असते. तिशीनंतर ती पुन्हा सुरू होते.) आबांनी छत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉलनीत दुमजली घर बांधलं. पुढे पोर्च, जिन्याला स्टीलचा कठडा, गच्चीवर टाकी. कमी काही ठेवलं नव्हतं. तेजस सूतगिरणीत धाग्याची जाडी तपासायच्या कामावर होता. विचारलं तर उत्तर द्यायचा, नाही विचारलं तर द्यायचा नाही. आबांच्या मते कर्मचारी असाच असावा, आणि मुलगाही.

तोवर चार स्थळं येऊन गेली होती. पहिल्या तिघांनी पत्रिका जुळत नसल्याचं कळवलं. (पैकी एकाने पत्रिका मागितलीच नव्हती.) चौथ्या स्थळाबरोबर आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी जाताना फाटकापाशी थांबून घराकडे वर-खाली पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "घर भारी शे, पन बोडकं दिखस."

दुसरा कोणी असता तर चिडला असता. आबांना मात्र धीर आला. नामंजुरी आणि त्रुटी यांतला फरक त्यांना नोकरीने शिकवला होता. नामंजूर फाइल कपाटात जाते आणि तिथेच मरते. त्रुटी निघालेली फाइल पूर्तता करून पुन्हा टेबलावर येते. घर बोडकं दिसतं ही त्रुटी होती. लेखी नव्हती एवढंच.

"अहो, तेजसला एकदा विचारा तरी, त्याला कशी मुलगी पाहिजे," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्या आबांच्या पत्नी. या घरात एवढाच प्रश्न त्या वारंवार विचारत.

"आधी त्रुटी," आबा म्हणाले. "बाकीचं नंतर."

दुसऱ्या दिवशी ते चोपडा रस्त्यावरच्या जीवरामच्या नर्सरीत गेले. खिशात अटींचा कागद होता. झाड लवकर वाढणारं असावं. शोभेचं असावं. फळ येऊ नये (पोरं दगड मारतात). पक्षी बसू नयेत (खाली गाडी असते). पानं गळू नयेत. मुळं शौचालयाच्या टाकीकडे जाऊ नयेत. रस्त्यावरून दिसावं, पण वायरींना लागू नये. पाणी फार मागू नये. आणि दीड वर्षात असं दिसावं, की घरात तीन पिढ्या सुखाने नांदत आहेत.

जीवरामने कागद दोनदा वाचला.

"आबा, मग खांबच रोवा ना," तो म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. अनुभवाचा माणूस होता.

कडूलिंबाचं नाव त्याने काढलं तेव्हा आबांनी हात वर केला. कडूलिंबाने घर खेड्यातलं दिसतं. आंबा लावला तर उन्हाळ्यात नको इतके नातेवाईक निघतात. केळीचं नाव कोणी काढलंच नाही. केळीच्या बागांच्या या भागात दारात केळ लावणं म्हणजे कामावरून सुटल्यावर पुन्हा कामावर जाणं. शेवटी दोन नावं उरली: सप्तपर्णी आणि नीलमोहर. दोन्ही झपाट्याने वाढतात, दोन्ही शहरी दिसतात, असं जीवरामने सांगितलं. यांत चांगलं कोणतं, असं आबांनी विचारलं.

"ज्याला जे आवडेल ते," जीवराम म्हणाला.

आबांना हे उत्तर बेजबाबदार वाटलं. त्यांनी दोन्ही घेतली, मोठ्या पिशव्यांतली, पुरुषभर उंचीच्या वर गेलेली. फाटकाच्या डाव्या अंगाला सप्तपर्णी लावली, उजव्या अंगाला नीलमोहर. सारखा खड्डा, सारखं शेणखत, सारखं पाणी. मग त्यांनी एक जाडजूड नोंदवही आणली, तिला बावीस रकाने आखले आणि वर लिहिलं: 'तौलनिक अभ्यास'. त्या दिवसापासून घरात मुलाचं लग्न जमवायचं काम थांबलं आणि ते कोणत्या झाडाने जमवायचं हे ठरवायचं काम सुरू झालं.

दर सोमवारी सकाळी आबा बांबूला टेप बांधून दोन्ही झाडं मोजत. टेपचं खालचं टोक तेजस धरी. सप्तपर्णी शिस्तीत वाढत होती. ती मजल्यामजल्याने वर जाते आणि एकेका ठिकाणी सात पानांचं चक्र धरते. आबांना त्यात कचेरीतल्या मंजूर पदांचा आकृतिबंध दिसे. एखाद्या चक्रात सहाच पानं निघाली तर ते शेऱ्याच्या रकान्यात 'रिक्त पद: एक' असं लिहीत. नीलमोहर मात्र मनाला येईल तिकडे फांदी काढी. पण त्याची पिसासारखी पानं वाऱ्यावर अशी हलत, की आबाही कधी कधी बांबू हातात धरून नुसते बघत उभे राहत. तेवढ्या वेळेची नोंद वहीत नाही.

पहिल्या हंगामात सात स्थळं आली. आबांच्या वहीतली आकडेवारी अशी: पाहुणे झाडांकडे पाहत उभे राहिले तो वेळ सरासरी अकरा मिनिटं, तेजसकडे पाहत बसले तो चार. सातपैकी पाच घरांनी जीवरामचा नंबर घेतला. त्यांतल्या दोघांनी तीच झाडं आपल्या दारी लावली आणि त्यांच्या मुलांची लग्नं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत झाली. यावरून झाडांचा गुण सिद्ध होतो, असा निष्कर्ष आबांनी काढला. तो आपल्याच घराला का लागू पडला नाही, हा प्रश्न त्यांनी पुढच्या वर्षाच्या तपासणीसाठी राखून ठेवला.

दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर सप्तपर्णीला फुलं आली.

सप्तपर्णीच्या फुलाबद्दल दोन मतं आहेत. एक मत असं, की तो सुगंध आहे. हे मत ज्यांच्या दारी ते झाड नाही अशांचं आहे. दिवस मावळायला लागला की फाटकाशी काहीतरी गोड आणि जड उतरायचं, घरात शिरायचं, आणि मग वरणालाही त्याचीच चव लागायची. प्रमिलाबाई पदर नाकाला लावून पोळ्या लाटत. समोर भिकुबाई राहत. एकट्याच होत्या. अंगणात एक खाट, एक नळ आणि एक शेळी, बाकी नुसती शेणाने सारवलेली जमीन. त्या फाटकापाशी येऊन म्हणाल्या, "आबा, तुमनं झाड डोकं दुखाडस."

आबांनी त्यांना लेखी उत्तर दिलं. आपली तक्रार प्राप्त झाली असून अभ्यास पूर्ण झाल्यावर उचित निर्णय घेण्यात येईल, असं त्यात होतं. भिकुबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून ते उत्तर तेजसने त्यांना वाचून दाखवलं. वाचताना तोही तोंडाला रुमाल लावून होता. आबांना वाटलं, धूळ असेल.

फुलं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपली. पाहुण्यांना बोलवावं तर जानेवारीच्या अखेरीस नीलमोहराची पानं गळायला लागली आणि फेब्रुवारीत तो पार उघडा झाला. म्हणजे जी त्रुटी दूर करायला त्याला आणलं, तीच तो दर वर्षी दोन-अडीच महिने फाटकापाशी उभा राहून जाहीर करणार होता.

आबा डगमगले नाहीत. त्यांनी हिशेब मांडला. दसऱ्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत वास, म्हणून पाहुणे नकोत. जानेवारी अखेर ते एप्रिल, एक झाड बोडकं, म्हणून नकोत. मे महिन्यात झाडं ठीक असतात, पण पंचेचाळीस अंशांत पाहुणा झाडाकडे पाहत नाही, कूलरकडे पाहतो. पुढे पावसाळा, आणि चातुर्मासात कोणी असल्या कामाला निघत नाही. उरला डिसेंबरचा मध्य ते जानेवारीची अखेर. त्यातून पौष वजा केला. राहिले तेरा दिवस.

त्यांनी तसं पत्रक काढलं आणि वधू-वर सूचक मंडळांच्या ग्रुपवर टाकलं. 'मुलगा पाहण्याचा कालावधी: वर्षातून तेरा दिवस.' त्याखाली सही होती. त्यावर एकोणतीस जणांनी अंगठा दाखवला. (अंगठा म्हणजे संमती, असा आबांचा समज होता.)

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत धुळ्याहून फोन आला. मुलीने तेजसचा फोटो पाहिला होता आणि तिला तो आवडला होता. असं आजवर झालं नव्हतं. मुलीचे वडील म्हणाले, रविवारी येतो. आबांनी खिडकीतून नीलमोहराकडे पाहिलं. त्याच्यावर एक पान नव्हतं.

"आपण डिसेंबरात या," आबा म्हणाले.

एप्रिलमध्ये त्या मुलीची लग्नपत्रिका आली. आबांनी ती वाचून 'निकाली' असा शेरा मारला आणि नोंदवहीत ठेवली. ती काढून तेजसने पाहिली. बराच वेळ हातात धरली. "छान छापलीय," म्हणाला, आणि गिरणीत गेला. त्या दिवशी डबा न्यायला विसरला. प्रमिलाबाईंनी तो दुपारपर्यंत ओट्यावर तसाच राहू दिला. आबांसमोर फाइल ठेवावी, तसा त्यांनी एकदा नुसता त्या डब्याकडे हात केला. आबांनी पाहिलं आणि चष्मा पुसला.

त्याच नोव्हेंबरात चोपड्याच्या नवलभाऊंचा फोन आला. नवलभाऊंचा केळीचा बाग होता, आणि मुलगी सुलक्षणा शिरपूरच्याच एका कॉलेजात शिकवायला लागली होती. कधी येऊ, असं त्यांनी विचारलं. आबांनी सांगितलं, अठरा तारखेला. महिना सांगायची गरज त्यांना वाटली नाही. त्यांच्या लेखी वर्षात अठरा तारीख एकच होती, डिसेंबरातली.

नवलभाऊ अठरा नोव्हेंबरला संध्याकाळी साडेपाचला आले. बरोबर सुलक्षणा आणि तिची आत्या बेबाबाई.

आबांनी अशी परिस्थिती नोकरीत पाहिली होती. साहेब तपासणीला एक महिना आधी आले तर काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं: दारं लावून घ्यायची. त्यांनी सगळ्या खिडक्या बंद केल्या आणि तीन प्रकारच्या उदबत्त्या लावल्या. स्वयंपाकघरात प्रमिलाबाई भरिताची वांगी भाजत होत्या, त्यांचा धूर होताच. दिवस मावळला. झाडाने आपलं काम सुरू केलं. बंद खोलीत ते सगळे वास एकमेकांत मिसळून जे तयार झालं, त्याला मराठीत शब्द नाही.

सुलक्षणाला शिंका यायला लागल्या.

खिडक्या बंद असल्याने पाहुण्यांना झाडं दिसत नव्हती. ही उणीव भरून काढायला आबांनी नोंदवही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. "सोमवार, सप्तपर्णी नऊ फूट दोन इंच, नीलमोहर नऊ फूट चार इंच." बेबाबाईंनी पदर नाकाला लावला. नवलभाऊ खुर्चीच्या कडेला आले. आबा वाचत होते आणि सवयीने मनातल्या मनात शिंकाही मोजत होते. चौदाव्या सोमवारापर्यंत एकोणीस शिंका झाल्या.

तेव्हा तेजस उठला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं, तरी उठला.

"आबा, राहू द्या," तो म्हणाला. मग सुलक्षणाकडे वळला. "चला. समोर भिकुआक्कांकडे बसू. तिथे झाड नाही."

त्याने दार उघडलं आणि ती त्याच्या मागोमाग बाहेर पडली. पाठोपाठ नवलभाऊ आणि बेबाबाईही निघाले, कारण श्वास त्यांनाही घ्यायचा होता. गल्लीचं तोंड असं आहे, की संध्याकाळचा वारा भिकुबाईंच्या बाजूने येतो; वास तिकडे जातो तो उशिरा रात्री, वारा पडल्यावर. त्यांनी शेळी बाजूला बांधली, खाट झटकली. "या, आठे बठा. हवा लागस," म्हणाल्या.

आबा आपल्या फाटकापाशी उभे राहिले. एका अंगाला सप्तपर्णी, एका अंगाला नीलमोहर. गल्ली बारा फुटांची होती आणि पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"तुम्हाला त्रास नाही होत या वासाचा?" सुलक्षणाने विचारलं.

"होतो ना. मागच्या वर्षापासून. हे दिवस मी गिरणीत जादा पाळी घेतो."

"मग घरी सांगितलं नाही?"

"कोणी विचारलं नाही."

"म्हणजे कोणी विचारायची वाट बघत बसला होतात तुम्ही?"

तेजसने थोडा विचार केला. "हो," म्हणाला. "आज पहिल्यांदा उठलो."

ती हसली, आणि हसताना विसावी शिंक आली.

आबांच्या वहीत बावीस रकाने होते. उंची, घेर, पानांची संख्या, पाहुण्यांचे अभिप्राय. ते उभ्या उभ्या मनात एकेक रकाना तपासत गेले. तेजसच्या नाकाचा रकाना त्यांत नव्हता. तेजसचाच रकाना नव्हता. नोकरीत असताना त्यांनी एका म्हाताऱ्याला हयातीचा दाखला आणला नाही म्हणून तीनदा परत पाठवलं होतं. म्हातारा तीनही वेळा स्वतः समोर उभा होता. चौथ्यांदा तो आला नाही. इतक्या वर्षांत तो कधी आठवला नव्हता. आता आठवला.

ते घरात गेले आणि चहाचा ट्रे स्वतः उचलून गल्ली ओलांडून आले. प्रमिलाबाई दारात पाहत राहिल्या.

"तेजस," आबा म्हणाले, "तुला काय पाहिजे?"

"साखर कमी," तेजस म्हणाला.

तेजस अकरा वर्षांपासून कमी साखरेचा चहा पीत होता. आबांना ते त्या संध्याकाळी कळलं.

"आणि चहा सोडून?" त्यांनी विचारलं. आवाज कचेरीतला राहिला नव्हता.

तेजसने सुलक्षणाकडे पाहिलं. "मला चालेल," म्हणाला. मग ते बरोबर वाटलं नाही म्हणून दुरुस्त केलं. "मला आवडेल."

"मंग आमनी पोरले बी इचारा," बेबाबाई म्हणाल्या.

सुलक्षणाने रुमालाने नाक पुसलं. "आधी हे सांगा, ते झाड किती दिवस फुलतं?"

हे आबांना विचारलेलं होतं आणि त्यांना येत होतं. "चोपन्न दिवस. मागच्या हंगामात मोजले. यंदाचा चालू आहे."

"मग चोपन्न दिवस मी माहेरी राहीन. उरलेल्या तीनशे अकरा दिवसांचं जमेल मला."

भरीत-पुरीची पंगत भिकुबाईंच्या अंगणात बसली. खाटेवर नवलभाऊ, खाली बाकीचे, आणि शेळी सगळ्यांपासून अंतर राखून. अंगण कसं मोकळं, छान वाटतं इथे, असं बेबाबाई दोनदा म्हणाल्या. आबांनी ते लिहून घेतलं नाही.

लग्न वैशाखात झालं. दुसऱ्याच दिवशी आबांनी सुनेला बोलावून सांगितलं, की सप्तपर्णी काढायचा अर्ज त्यांनी तयार ठेवला आहे, सही बाकी आहे.

"नका काढू, आबा," सुलक्षणा म्हणाली. "माहेरी जायला दर वेळी कारण शोधावं लागतं. मला कायमचं मिळालंय."

दसऱ्याला ती चोपड्याला गेली. तिसऱ्या दिवशी तेजसही गेला. हवा बदलायला, असं त्याने विचारायच्या आधीच सांगितलं. तिथून तो रोज एसटीने गिरणीत यायचा. घरी आबा आणि प्रमिलाबाई नाकाला रुमाल बांधून जेवत. एकदा जेवताना आबांनी विचारलं, "तुला कोणतं झाड आवडलं असतं?" एकेचाळीस वर्षांच्या संसारात असा प्रश्न पहिलाच होता. प्रमिलाबाईंनी घास खाली ठेवला. "जाई," त्या म्हणाल्या. "पण ते झाड नसतं, वेल असतो." आबांनी मान हलवली. सोमवारी ते नर्सरीत गेले.

कॉलनीने मात्र या सगळ्याचा आपल्या परीने अर्थ लावला. तीन वर्षं न जमलेलं लग्न जमलं, आणि फाटकाशी सप्तपर्णी होती. पुढच्या पावसाळ्यात सतरा घरांनी ती लावली. मोठ्या पिशव्यांतली, म्हणजे लवकर फुलणारी. आता दसरा झाला की तापीविहार कॉलनीतल्या झाडून सगळ्या सुना माहेरी जातात आणि तीन दिवसांनी मुलंही जातात. चोपन्न दिवस कॉलनीत फक्त सासू-सासरे असतात. ही व्यवस्था पंचक्रोशीत समजल्यापासून इथल्या मुलांना स्थळांची कमी नाही. फोनवर मुलगी पहिला प्रश्न विचारते तो नोकरीचा नसतो, शेतीचाही नसतो. "तुमच्याकडे सप्तपर्णी आहे ना?" असं विचारते. नाही म्हणणाऱ्याला, पत्रिका जुळत नाही, असं कळवलं जातं.

ही हकिगत आबा आता कोणालाही सांगतात, काही न लपवता. म्हाताऱ्याचं सांगतात, लग्नपत्रिकेचं सांगतात, साखरेचंही सांगतात. आजवर त्रेचाळीस जणांना सांगून झाली आहे. तेजस आणि सुलक्षणा सुखात आहेत का, असं ऐकून झाल्यावर विचारणारे दोन निघाले. जाई फुलली का, असं विचारणारी एक, ती भिकुबाई. उरलेल्या चाळीस जणांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हळहळले, मान हलवली, आणि मग थोडं पुढे सरकून एकच विचारलं, जे इतका वेळ आपल्याही मनात घोळत असणार.

तर, सप्तपर्णी. तीन वर्षांत नीलमोहरापेक्षा अकरा इंचांनी उंच. खड्डा तीन बाय तीनचा घ्यावा.